वाफे बंद करण्याआधी रोगट पाला काढा

मंडळी, टोरंटोत फ्रॉस्ट आता कधीही पडेल, तर कम्युनिटी गार्डनमध्ये ज्यांचे वाफे आहेत त्यांनी या वीकेंडला वेळ काढाच. टोमॅटोची करपलेली झाडं मुळासकट उपटा, खाली पडलेली पानं आणि सडके टोमॅटो पण वेचा, कारण अर्ली ब्लाइट आणि सेप्टोरिया या पानांवर डाग पाडणाऱ्या रोगांची बुरशी त्या कचऱ्यातच अख्खा हिवाळा काढते, थंडीने मरेल वगैरे आशा ठेवू नका. लेट ब्लाइटचं (टोमॅटो-बटाट्याचा दुसरा करपा) वेगळं, त्याला हिवाळा काढायला जिवंत काहीतरी लागतं, पण जमिनीत राहिलेला एखादा बटाटासुद्धा पुरतो, म्हणून बटाटेवाल्यांनी वाफा नीट खणून बघा. हा माल आपल्या कंपोस्टमध्ये प्लीज नको, आपला ढीग तेवढा तापत नाही, यार्ड वेस्टच्या कागदी पिशव्यांत भरा. गुलाबाची काळे डाग पडलेली पानं पण त्यातच, छाटणी मात्र आत्ता नको, स्प्रिंगमध्ये करू. भोपळ्यावरची भुरी बघून फवारणी करत बसू नका, वेल तसाही संपलाय, काढून टाका. कात्र्या ७० टक्के अल्कोहोलने पुसून मगच शेडमध्ये ठेवा. आणि लसूण लावणार असाल तर यंदा कांदा होता तो वाफा सोडून लावा.