दांडियाबाजारातल्या इंग्रजीच्या काकूंना

आदरणीय काकू,
सा. न. वि. वि.

तुमचे आभार समोर बसून मानायला गेलं की तुम्ही "थांब, चहा टाकते" म्हणत आत जाता. आता तुम्ही लेकीकडे नाशिकला आहात, त्यामुळे ती सोय नाही. निमूट वाचा. पत्र जाहीर अशासाठी की मुलांना घरी शिकवणारे बडोद्यातले इतर पालक मला सारखं विचारतात, "हिचं इंग्रजी व्याकरण कोण घेतं?" त्यांच्या हातात हेच ठेवीन म्हणते.

मुलीला शाळेत का घातलं नाही, तो वाद इथे नको. आमच्या नात्यात तो पोटभर झालाय. "सयाजीरावांनी १९०६ साली राज्यभर प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं, पोरं न पाठवणाऱ्या आईबापांना दंड लावला, आणि त्यांच्याच गावात तुम्ही मुलगी घरी ठेवता?" हे आमचे चुलत सासरे दर गणपतीत ऐकवतात. तुम्ही मात्र एवढंच विचारलंत, "दहावीचं काय?" मी म्हटलं, एनआयओएस, म्हणजे राष्ट्रीय मुक्त विद्यालय, १४ वर्षं पूर्ण झाली की बसता येतं. "मग वेळ आहे," म्हणालात. विषय संपला.

मी आले होते व्याकरणाचं पुस्तक कोणतं घ्यावं ते विचारायला. तुम्ही माझ्याऐवजी माझ्या लेकीकडे वळलात. "बाईसाहेब, सकाळपासून काय काय खाल्लंत?" ती म्हणाली, "मी पोळी खाल्ली, श्रीखंड खाल्लं आणि दोन पेढे खाल्ले." त्यावर तुम्ही मला विचारलंत, "खाल्ली, खाल्लं, खाल्ले. कर्माप्रमाणे क्रियापद फिरवलं हिने. हा कर्मणी प्रयोग कोणी शिकवला?" कोणीच नाही. कर्म म्हणजे काय हे विचारलं असतं तर आजीच्या तोंडचं "कर्म माझं" एवढंच तिला आठवलं असतं. "इंग्रजीत नुसतं 'एट'," तुम्ही म्हणालात. "पोळी असो, पेढे असोत. तिथे वेळ घालवायचा नाही. मराठीत जे नाहीच, तिथे घालवायचा." काकू, माझ्या मते तुमची सगळी शिकवणी या वाक्यात आहे. पुस्तकात सगळ्या धड्यांना सारखीच पानं असतात; मराठी बोलणाऱ्या मुलीला कुठे जास्त लागतील आणि कुठे मुळीच नाहीत, हे ते पुस्तक लिहिणाऱ्याला कुठून ठाऊक असणार?

मराठीत नाही, अशातला पहिला तो 'डू'. आपल्याकडे शेवटी 'का' लावला की प्रश्न तयार. गुजरातीत नुसता आवाज चढवला तरी भागतं. इंग्रजीत शब्दांना जागा सोडून उठावं लागतं, आणि ते उठणं तुम्ही तिला हाताने करायला लावलंत. जुन्या लग्नपत्रिकांच्या कोऱ्या पाठी कापून केलेल्या त्या चिठ्ठ्या! आधी कितीतरी दिवस फक्त 'द कॅट इज ऑन द कॉट'. 'इज'ची चिठ्ठी उचलायची, सगळ्यांच्या पुढे ठेवायची, झाला प्रश्न. तो खेळ अंगवळणी पडल्यावर एक दिवस तुम्ही मांडलंत 'शी लाइक्स मँगोज'. त्यात 'लाइक' वेगळा आणि 'एस' वेगळ्या इवल्याशा चिठ्ठीवर. आता करा प्रश्न. बाईसाहेब 'इज' शोधायला टेबलाखाली वाकल्या. तिथे काही नव्हतं. मग तुम्ही चष्म्याच्या घरातून 'डू' काढलात, पुढे ठेवलात आणि बोटाने तो 'एस' हळूच सरकवत नेऊन 'डू'ला चिकटवलात. डज शी लाइक मँगोज? "एस पळाला!" ती ओरडली, आणि बाहेरच्या खोलीत पेपर वाचणारे काका दचकले.

पुढे 'डिड'च्या वेळी तिला काही सांगावंच लागलं नाही. 'डिड शी एट' का नाही, हे तिनेच मला समजावलं: भूतकाळ पळून 'डू'मध्ये जाऊन बसला, आता 'ईट' मोकळं. आमच्या सोसायटीत मोठ्या पगाराची माणसं अजून 'डिड यू वेंट' म्हणतात. मी काही बोलत नाही. ती बोलते, ही नवी पंचाईत.

'अ' आणि 'अॅन'च्या बाबतीत तर मराठी मुलांच्या हातात आयती किल्ली असते, हे तुमच्याकडेच कळलं. ए, ई, आय, ओ, यू पाठ करून 'अॅन' लावायला गेलं की 'युनिव्हर्सिटी'पाशी गाडी घसरते. तुम्ही म्हणालात, शब्द देवनागरीत लिहा. पहिलं अक्षर स्वर असेल तर 'अॅन', व्यंजन असेल तर 'अ'. 'अवर' लिहिला तर अ, म्हणून 'अॅन अवर'. 'युनिव्हर्सिटी' लिहिली तर य, म्हणून 'अ युनिव्हर्सिटी'. 'वन-वे रोड'ला व, म्हणून 'अ'. इंग्रजी स्पेलिंग जे लपवतं ते आपली लिपी उघड्यावर मांडते. मग तुमचं कोडं: युनिव्हर्सिटीच्या बसला 'अ', तर एम. एस. युनिव्हर्सिटीच्या बसला काय? तिने वहीत 'एम' लिहिलं, ए बघितला आणि म्हणाली 'अॅन'. फतेगंजला जाईपर्यंत रस्त्यात दिसेल त्याला ती हे लावत होती, अॅन ऑटो, अ युनिफॉर्म, अॅन एसटी बस.

'द'साठी तुम्ही चिऊ-काऊची गोष्ट घेतलीत, तेही छान. एक होता कावळा, तेव्हा 'अ क्रो'. पुढे त्याच कावळ्याचं शेणाचं घर वाहून गेलं, तेव्हा 'द क्रो'. ओळख झाली की 'द'. मोठेपणी यातही अपवाद निघतात, पण त्या वयाला एवढं पुरतं.

आणि चुका. 'फूट्स', 'गोड'. "आय गोड टू कमाटीबाग" ऐकून आजी विचारायच्या, "काय गं गोड?" तुम्ही तिला कधी थांबवलं नाहीत. "ओ, यू वेंट टू कमाटीबाग! हू वेंट विथ यू?" म्हणायचात आणि गप्पा पुढे न्यायचात. मी काळजीने विचारलं तेव्हा जीन बर्को या अमेरिकन बाईंचं १९५८ सालचं काम तुम्ही सांगितलंत. त्यांनी लहान मुलांना एका काल्पनिक प्राण्याचं चित्र दाखवलं, नाव सांगितलं 'वग', मग तसेच दोन दाखवून विचारलं, आता हे काय? बहुतेक मुलं म्हणाली 'वग्ज'. हा शब्द त्यांनी जन्मात ऐकला नव्हता, म्हणजे पाठ केलेला नव्हता. नियम डोक्यात होता. 'गोड' म्हणणारी मुलगीही नियमच लावते आहे, फक्त इंग्रजीनेच तो तिथे पाळलेला नाही. घरी येऊन मी एक शेपटीवाला 'टिप' आणि एक 'वग' काढला. 'टिप्स' म्हणताना 'स' आणि 'वग्ज' म्हणताना 'ज', दोन्ही तिने न सांगता बरोबर उच्चारलं. तो कागद फ्रिजवर आहे.

इन, ऑन, अॅट यांचा तास कमाटीबागेत झाला. विश्वामित्रीच्या पुलावर उभं राहून "द क्रोकोडाइल इज इन द रिव्हर, वी आर ऑन द ब्रिज" हे वाक्य चुकवण्याची हिंमत कोण करणार!

एका बाबतीत मात्र आपलं जमलं नाही. नाम, क्रियापद, विशेषण ही नावं तुम्हाला इतक्या लहानपणी नको होती. मी घरी ती सांगितली, मराठीतून. तिला गोष्टींची नावं आवडतात. डायनासोरची लांबलचक नावं पाठ असलेल्या मुलीला 'क्रियापद' जड नाही. यावर तुम्ही भुवया उंचावल्या होत्यात. असू दे.

तुम्ही फी घेतलीत, तीही दर महिन्याच्या एक तारखेला, याचेही आभार. फुकट शिकवलं असतंत तर मी दहा वेळा तोच प्रश्न विचारायला कचरले असते.

सध्या आमचं घोडं 'आय हॅव सीन'वर अडलंय. 'मी मगर पाहिली आहे' असं आपल्याकडे आहेच, त्यामुळे तुमच्या हिशेबाने हे सोपं जायला हवं. पण ती 'आय हॅव सीन अ क्रोकोडाइल येस्टरडे' म्हणते. मराठीत 'काल'सोबत 'आहे' आलं तर आपण चालवून घेतो, इंग्रजी घेत नाही. यासाठी चिठ्ठ्यांत काही आहे का? रविवारी चारनंतर फोन करते.

आणि चिठ्ठ्यांचा डबा कारेलीबागेतल्या एका आईला महिन्याभरासाठी दिला आहे. हरकत असेल तर तेव्हाच सांगा, परत मागवते.

तुमची,
बाईसाहेबांची आई