बरणीच्या दिव्यात मेण थोडे, वाळू जास्त

माननीय संपादक,

दिवाळी जवळ आली की पुरवण्यांत आणि मोबाइलवर ‘टाकाऊतून टिकाऊ’चे नमुने दिसू लागतात. त्यात जाम-मधाच्या रिकाम्या बरण्यांचे दिवे हमखास असतात. कल्पना उत्तमच आहे. गच्चीवर, अंगणात, तुळशीपाशी पणती वाऱ्याने विझते, बरणीत ज्योत टिकते. पण बहुतेक चित्रांत बरणी वितळलेल्या मेणाने जवळजवळ भरलेली दाखवतात. बाहेरच्या दिव्यासाठी ही पद्धत महागही आहे आणि धोक्याचीही, म्हणून हे पत्र.

३०० मिलिलिटरची बरणी पाऊण भरायला साधारण २०० ग्रॅम मेण लागते. ॲल्युमिनियमच्या छोट्या वाटीत मिळणाऱ्या बुटक्या मेणबत्तीत, म्हणजे टीलाइटमध्ये, मेण असते १२ ते १४ ग्रॅम, आणि ती साडेतीन-चार तास जळते. एका संध्याकाळला एवढे पुरते. शिवाय उघड्यावर एका वातीची उष्णता रुंद बरणीच्या कडेपर्यंत पोचत नाही. मधोमध खड्डा पडतो, वात त्यात बुडते आणि कडेचे मेण तसेच राहते. कशीबशी जळत ती तळापर्यंत गेलीच, तर शेवटच्या सेंटिमीटरभर मेणात ज्योतीची धग थेट तळाला लागते आणि काच तडकते.

त्यापेक्षा बरणीत कोरडी वाळू आणि तिच्यावर टीलाइट, एवढेच करावे. बरणी अर्धा किलो मधाची किंवा लोणच्याची, १२ ते १४ सेंटिमीटर उंच आणि तोंड निदान ६ सेंटिमीटर रुंद अशी घ्यावी. तोंड अरुंद असले तर ताजी हवा आत पुरेशी उतरत नाही, ज्योत काजळी धरते आणि मग विझते. हल्ली लोणच्याच्या पुष्कळ बरण्या काचेसारख्या दिसणाऱ्या प्लास्टिकच्या असतात, तेव्हा नखाने वाजवून खात्री करा. प्लास्टिक ज्योतीजवळ मऊ पडून वाकते. काठावरून बोट फिरवून टवका लागला, तर ती बरणी बाजूला ठेवा, कारण तापल्यावर तडा तिथूनच सुरू होतो. कापलेल्या बाटल्या आणि पातळ पेले याच कारणासाठी नकोत.

लेबल काढायला कोमट पाण्यात चमचाभर धुण्याचा सोडा टाकून बरणी अर्धा तास बुडवावी. उरलेल्या गोंदावर खोबरेल तेल आणि खायचा सोडा सारख्या प्रमाणात चोळून दहा मिनिटांनी धुवावे. नंतर बरणी आतून पूर्ण कोरडी झाली पाहिजे. वाळू अडीच सेंटिमीटर पुरे. ती चाळलेली असावी आणि दिवसभर उन्हात वाळवलेली असावी. ओली वाळू तापली की वाफ होऊन काच आतून धुरकटते. टीलाइटची वाटी वाळूत निम्मी दाबून बसवावी, म्हणजे ती सरकत नाही, सांडलेले मेण वाळू शोषते आणि तळाला धग लागत नाही. ज्योत काठापासून ६-७ सेंटिमीटर खाली हवी. त्याहून वर असली तर वाऱ्याने एकाच बाजूला झुकते, तेवढीच बाजू तापते, आणि काच उष्णता नीट पसरवत नसल्याने तिथे तडकते.

उजेड वाढावा म्हणून एकाच बरणीत दोन-तीन टीलाइट मात्र कधीही ठेवू नका. त्या एकमेकींना तापवतात, सगळे मेण पातळ होऊन अतिशय तापते आणि वातीऐवजी वाटीचा अख्खा पृष्ठभागच पेट घेतो. अशा वेळी पाणी ओतले तर त्याची क्षणात वाफ होते आणि जळते मेण वर उसळते. स्टीलची ताटली तोंडावर झाकली की हवा तुटते आणि आग विझते. दिवे लावण्याआधी अशी ताटली जवळ ठेवून द्यावी.

टांगायचा दिवा असेल तर सगळा जीव तारेवर. १८ गेजची (साधारण सव्वा मिलिमीटर जाड) जीआय तार, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेली लोखंडी तार, हार्डवेअरच्या दुकानात मिळते. सुतळी किंवा नायलॉनची दोरी नको, ज्योतीवरचा गरम झोत तिला जाळतो नाहीतर वितळवतो. ७ सेंटिमीटर गळ्याच्या बरणीला ४० सेंटिमीटरचा एक तुकडा कापा. एका टोकापासून ९ सेंटिमीटरवर तार पेन्सिलीभोवती एक वेढा देऊन पिळा, म्हणजे डोळा तयार होतो. तिथून ११ सेंटिमीटर सोडून दुसरा डोळा करा. ही तार गळ्याभोवती, झाकणाचे आटे संपतात त्याच्या खाली बसवा. दोन्ही डोळे बरोबर समोरासमोर आहेत ना ते पाहून टोके पकडीने चार-पाच पिळे देऊन आवळा. आट्यांवर बसवलेली तार घसरते. एकदम जोराने पीळ दिला तर काचेचा टवका उडतो, तेव्हा दर पिळानंतर तार बोटाने हलवून पाहावी आणि ती फिरायची थांबली की तिथेच थांबावे. उरलेली टोके आत वळवून दाबून टाका. मग ५० सेंटिमीटरच्या दुसऱ्या तुकड्याची कडी दोन्ही डोळ्यांत अडकवा. कडीचा माथा बरणीच्या तोंडापासून २० सेंटिमीटर वर राहतो. कडी याहून बुटकी केली तर तिला हात लावता येणार नाही इतकी तापते. टांगण्याआधी बरणी कडीला धरून हलवून पाहा. ती एका बाजूला कलत असेल तर डोळे समोरासमोर आलेले नाहीत, ते सरकवून घ्या.

दिव्याच्या वर निदान मीटरभर जागा मोकळी हवी. तोरण, कंदिलाच्या झिरमिळ्या, वाळती साडी, फांदीची सुकी पाने यांपैकी काहीही तिथे नको. काचेला रंगीत पतंगी कागद लावायचा असेल तर तो बाहेरून, पातळ फेविकॉलने, आणि काठाच्या दोन सेंटिमीटर खाली संपेल असा. आतून रंग किंवा कागद लावू नये. पेटवताना काडी चिमट्यात धरावी, हात बरणीत घालू नये. अवकाळी पाऊस आला तर दिवे आधी विझवून मग आत घ्यावेत. तापलेल्या काचेवर गार पाणी पडले की ती फुटते.

जमिनीवर ठेवायचा दिवा तेलावरही होतो, आणि माझ्या मते तोच सर्वांत सुरक्षित. बरणीत चार सेंटिमीटर पाणी आणि त्यावर चार चहाचे चमचे, म्हणजे २० मिलिलिटर, गोडे तेल घाला. ७ सेंटिमीटर रुंद बरणीत तेलाचा थर सुमारे अर्धा सेंटिमीटर येतो आणि चार तासांच्या आसपास पुरतो. स्टेशनरीच्या दुकानातल्या कॉर्कशीटची चार सेंटिमीटरची चकती कापून वरून ॲल्युमिनियम फॉइल लावा, दाभणाने मधोमध भोक पाडा आणि तेलात भिजवलेली कापसाची वात ओवा. टोक वर तीन-चार मिलिमीटरच ठेवा. खालची वात चकतीला चिकटून आडवी पसरली पाहिजे, ती पाण्यात लोंबली तर पाणी ओढते आणि दिवा तडतडतो. एवढ्या रुंद चकतीमुळे ती कडेला लागली तरी ज्योत काचेपासून लांब राहते. तेल संपले की वातीला पाणी लागते आणि दिवा आपोआप विझतो. हा दिवा टांगू नये, हेलकाव्याने तेल एका बाजूला जाते. रॉकेल तर यात कधीच नको.

मेणात सिट्रोनेला (गवती चहाच्या जातीच्या गवताचे सुवासिक तेल) घालून डासांचा बंदोबस्त होतो, असेही सांगितले जाते. उघड्यावर त्यावर विसंबू नका. डेंग्यूचा डास मुख्यतः दिवसा चावतो, तेव्हा हे दिवे लागलेलेही नसतात.

त्रिपुरी पौर्णिमेला घाटावर दिवे लावणाऱ्या मंडळांनीही बरण्या जरूर वापराव्यात, फक्त मोजून न्याव्यात आणि मोजून परत आणाव्यात. पायऱ्यांवर फुटलेली काच अनवाणी माणसाच्या पायात जाते.

आपल्याला विनंती एवढीच की, यंदा पुरवणीत बरणीच्या दिव्याचे चित्र छापाल तेव्हा त्याखाली तीन मापेही छापा: बरणीच्या तोंडाची रुंदी, ज्योत काठापासून किती खाली आणि वर मोकळी जागा किती.

एक वाचक, सातारा