काळ्या मातीतले कंपाउंड आणि तोंडी ठरलेली कामे

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

जुळे सोलापूर, सैफुल, होटगी रस्ता या भागांतील घरांची कंपाउंडे जरा निरखून पाहिली, तर पुष्कळ ठिकाणी एकाच जातीची भेग आढळते. विटांच्या सांध्यांतून पायऱ्यापायऱ्यांनी वर चढत गेलेली, वरच्या टोकाला अधिक रुंद. दोष बहुधा सिमेंटला दिला जातो, पण कारण बहुतेक वेळा पायाखाली असते. आपल्याकडील काळी माती पावसाळ्यात पाणी पिऊन फुगते आणि पारा चाळिशीपार गेला की आक्रसून तिला हात आत जाईल एवढ्या भेगा पडतात. घराचा पाया मुरमापर्यंत, म्हणजे काळ्या मातीखालच्या घट्ट थरापर्यंत, नेण्याची काळजी आपण घेतो. कंपाउंड मात्र सर्वांत शेवटी, उरलेल्या पैशांत आणि उरलेल्या विटांत उरकतो.

हे मी स्वतःच्या अनुभवावरून लिहीत आहे. माझा प्लॉट 30 बाय 40 फुटांचा, म्हणजे फाटक धरून 140 फुटांचा घेर. ज्या ठेकेदाराला काम दिले, त्याच्याशी मी रनिंग फुटाच्या दरावरून दोन संध्याकाळी घासाघीस केली. उंची, गिलावा, रंग, फाटकाची नक्षी या सगळ्यांवर बोलणे झाले आणि पायाच्या खोलीचा विषय आमच्यापैकी कोणीच काढला नाही. तिसऱ्या पावसाळ्यात एका बाजूची भिंत शेजाऱ्यांच्या अंगणाकडे झुकली. ती उतरवली तेव्हा पाया जेमतेम दीड फूट आणि तोही सगळा काळ्या मातीतच असल्याचे दिसले. ठेकेदाराला बोलावून जाब विचारला, तर तो शांतपणे म्हणाला, “काका, खोलीचं कुठं ठरलं होतं आपलं?” राग आला, पण त्याचे म्हणणे खोटे नव्हते.

दुसऱ्या वेळी जवळच्याच वस्तीतील एका गवंड्याला काम दिले. त्याने दर सांगण्याआधी कोपऱ्यात एक खड्डा घेतला. साडेचार फुटांवर मुरूम लागला, तेव्हा कुठे तो हिशेबाला बसला. मागच्या आणि बाजूच्या हद्दीवर सलग भिंत नकोच, असे त्याचे मत पडले. तेथे मुरमापर्यंत खड्डे घेऊन काँक्रीटमध्ये खांब उभे करायचे आणि मधे चेनलिंक म्हणजे तारेची विणलेली जाळी ताणायची. माती फुगली तरी तिला उचलायला सलग असे काही सापडत नाही. समोर भिंत हवीच होती, म्हणून खाली मुरमावर टेकलेले कॉलम, त्यांवर बीम आणि बीमच्या खाली मातीला फुगण्यासाठी दोन-तीन इंचांची पोकळी ठेवली. खर्च वाढला, हे मान्य करतो. पण एकच भिंत दोनदा बांधण्याइतका तो नक्कीच नव्हता.

जाळी घेताना गेजकडे, म्हणजे तारेची जाडी सांगणाऱ्या आकड्याकडे, पाहावे. गेजचा आकडा वाढला की तार बारीक होते: 12 गेजची तार सुमारे 2.64 मिलिमीटर, तर 14 गेजची सुमारे 2.03 मिलिमीटर जाडीची असते. डोळ्यांना हा फरक क्षुल्लक वाटतो, पण दुसऱ्या तारेत लोखंड सुमारे 40 टक्के कमी भरते. म्हणून दर चौरस फुटावर ठरला, तरी माल वजन करूनच उतरवून घ्यावा.

स्थानिक ठेकेदारालाच काम द्यावे, असे माझे आजही ठाम मत आहे. कोणत्या गल्लीत मुरूम किती खाली लागतो, हे त्याला ठाऊक असते आणि दोन वर्षांनी फाटकाची बिजागरी निखळली तर त्याला हाक मारता येते. मात्र व्यवहार कागदावर हवा. पायाची खोली, तारेचे गेज, सिमेंटचा प्रकार, काम मजुरीवर की मालासह, उचल किती आणि पुढचे पैसे कोणत्या टप्प्यावर, एवढे साध्या वहीच्या पानावर लिहून दोघांनी सह्या केल्या तरी पुरे. पाणी कोणी मारायचे, हेही त्यात यावे. नवे बांधकाम किमान 7 दिवस आणि पीपीसी म्हणजे राख मिसळलेले सिमेंट असेल तर किमान 10 दिवस ओले राहिले पाहिजे. नळाला काही दिवसांआड पाणी येणाऱ्या आपल्या शहरात नेमका येथेच घोळ होतो. गोणपाट गुंडाळून भिजवले तर पाणी बरेच वाचते. शक्यतो दिवाळीनंतर काम काढून जानेवारीतल्या गड्ड्याच्या यात्रेपूर्वी संपवावे. तेव्हा ऊनही बेताचे असते.

हद्दीबाबत शंका असल्यास भूमी अभिलेख कार्यालयाकडून हद्द कायम मोजणी आधी करून घ्यावी, कारण भिंत उभी राहिल्यावर निघालेला अर्ध्या फुटाचा वाद कोर्टातही लवकर मिटत नाही. उंचीलाही नियम आहे. राज्याच्या 2020 च्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीनुसार समोरची भिंत रस्त्याच्या मध्यापासून मोजून 1.5 मीटरपर्यंत बांधता येते, वरचा 0.9 मीटर भाग जाळीसारखा खुला ठेवल्यास 2.4 मीटरपर्यंत जाता येते.

देखभालीला फारसे काही लागत नाही. वेल्डिंगचे जोड आणि जाळीची कापलेली टोके सर्वांत आधी गंजतात, तेव्हा मृगाआधी तेवढी घासून रंगवावीत. न्हाणीचे किंवा बागेचे पाणी पायाशी मुरू देऊ नये आणि भिंतीला लागून मोठे झाड लावू नये. जाळीच्या आतून मेंदी किंवा कोयनेल उत्तम वाढते. काही जण शेर लावतात. त्याचा चीक डोळ्यांना घातक असल्याने मुले असलेल्या घरात तो टाळलेला बरा.

महापालिकेला एक विनंती. बांधकाम परवान्याच्या नकाशात कंपाउंडची जागा दाखवली जाते, त्यासोबत त्याच्या पायाचा छेदही मागावा आणि काळ्या मातीतील कुंपणाविषयी एक पानी माहितीपत्रक परवान्याबरोबर द्यावे. ते मराठीबरोबर कन्नड आणि तेलुगूतही असावे, कारण प्रत्यक्ष खड्डा खणणाऱ्या अनेकांच्या घरी याच भाषा बोलल्या जातात.

आपला,
एक वाचक,
जुळे सोलापूर, सोलापूर