किरणांनी प्लास्टिक बळकट होईल, पण पुन्हा वितळेल का?

संपादक महोदय,

पुनर्वापरासाठी आलेल्या मिश्र प्लास्टिक कचऱ्यावर किरणोत्सर्गाची प्रक्रिया करून ते मजबूत करण्याविषयीचा लेख वाचला. अशा प्लास्टिकच्या वस्तू किरणोत्सर्गी होतील ही भीती अनाठायी आहे, हे त्यात सांगितले ते बरे झाले. वैद्यकीय सिरिंज कित्येक वर्षांपासून किरणांच्या साधारण २५ किलोग्रे (शोषलेल्या किरणांचे माप) मात्रेने निर्जंतुक केल्या जातात आणि आपण त्या निर्धास्त टोचून घेतो. माझी शंका वेगळी आहे.

पॉलिथिलीन आणि पॉलिप्रॉपिलीन ही नेहमीच्या वापरातली दोन प्लास्टिके जवळची नातलग वाटली, तरी वितळवून ढवळल्यावरही एकजीव होत नाहीत. एकाचे सूक्ष्म थेंब दुसऱ्यात तसेच थिजतात आणि ताण पडला की तडा नेमका त्यांच्या सीमेवरून जातो. इलेक्ट्रॉन झोत किंवा गॅमा किरणांमुळे रेणूंच्या साखळ्यांवर मुक्त मूलके (जोडी नसलेला इलेक्ट्रॉन असलेली, चटकन जोडली जाणारी टोके) तयार होतात, त्यांतून या सीमेवर दोन्हीकडच्या साखळ्या जोडता येतात. कल्पना उत्तमच. मात्र एकच मात्रा सगळ्यांना मानवत नाही. पॉलिथिलीनच्या साखळ्या एकमेकींना बांधल्या जातात, तर पॉलिप्रॉपिलीनच्या बऱ्याचशा तुटतात, हवेतला ऑक्सिजन असला तर आणखीच. पीव्हीसी या क्लोरीनयुक्त प्लास्टिकचे तुकडे राहून गेले तर हायड्रोजन क्लोराइड हा आम्लधर्मी वायू सुटतो. तेव्हा कचरा वेगळा करण्याचे काम किरणांमुळे टळेल, असे कुणी समजू नये.

लेखात ज्याचा उल्लेखही नाही तो मुद्दा म्हणजे पुढचा पुनर्वापर. साखळ्या जास्त बांधल्या गेल्या की प्लास्टिक वितळतच नाही. विजेच्या केबलच्या आवरणाला हाच गुण हवा असतो. पुनर्वापराच्या नावाखाली तो आणला तर तो माल पुन्हा वितळवून साच्यात घालता येणार नाही. त्यापेक्षा थोड्याच प्लास्टिकवर हवेत किरण टाकावेत आणि त्यावर तयार झालेल्या पेरॉक्साइडच्या (तापवल्यावर फुटून पुन्हा मूलके देणाऱ्या ऑक्सिजनयुक्त गटांच्या) जोरावर ते उरलेल्या मिश्रणात दोन प्लास्टिके जोडणारा सांधा म्हणून वापरावे, हा मार्ग मला शहाणपणाचा वाटतो.

आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेने २०२१ मध्ये ‘न्यूटेक प्लास्टिक्स’ हा प्लास्टिक प्रदूषणाविरुद्ध अणुतंत्र वापरण्याचा उपक्रम सुरू केल्यापासून या विषयावर अधिक लिहिले जाते. एक विनंती आहे. यापुढे अशा बातमीत नुसती ताणशक्ती वाढल्याचे छापू नये. ती वाढत असतानाच लवचीकता घटून वस्तू ठिसूळ होऊ शकते. मात्रा किती दिली, आघात सोसण्याची क्षमता किती राहिली आणि माल पुन्हा वितळतो का, हेही विचारून छापावे.

आपला,
एक नियमित वाचक