चाक हबला चिकटतं तेव्हा

संपादक महाशय,
थंडीचे टायर बदलताना चारही नट निघाले पण चाक काही हलेना, असं माझं गेल्या सीझनला झालं, अर्धा तास लाथा घातल्या तरी ढिम्म! अलॉय व्हील अ‍ॅल्युमिनियमचं, हब (चाक ज्यावर बसतं तो भाग) लोखंडाचा, मध्ये रस्त्यावरच्या मिठाचं पाणी गेलं की दोन्ही धातू गंजून एकमेकांना धरून बसतात, म्हणून मधल्या भोकाच्या कडेला पांढरी पूड दिसते. गाडी नुसत्या जॅकवर असताना लाथा घालणं हा शुद्ध वेडेपणा होता हे आता कळतंय (बायको तेव्हाच ओरडत होती). गाडीखाली भक्कम स्टँड लावा, एक-दोन नट सैल करून तसेच राहू द्या, म्हणजे चाक एकदम अंगावर येत नाही, मग आतल्या बाजूने टायरवर रबरी हातोडा मारायचा, जरा फिरवून परत मारायचा. गंज सोडवायचं तेल मारलंत तर रात्रभर मुरू द्या, फक्त ब्रेक डिस्कवर उडू देऊ नका. निघालं की हब तारेच्या ब्रशने घासून कडेला अँटी-सीझ पेस्टचा (धातू परत चिकटू नयेत म्हणून लावतात ती) अगदी पातळ हात द्या, बोल्टच्या आट्यांना मात्र नको, टॉर्क (आवळायचा जोर) चुकतो. गॅरेजवाले हे घासायचं काम सर्रास टाळतात.

– एक वाचक