तापीच्या माशांचं रक्तही तपासा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीतलं बोनफिशवरचं टिपण वाचलं. गुडघाभर पाण्यात येणारा चंदेरी मासा, गळाला लागला की दोरी सणसणत नेणारा, वगैरे सगळं छान आलं आहे. पण या माशाची एक गोष्ट त्यात राहिली: त्याच्या अंगात सापडलेली माणसांची औषधं. धुळ्यात माझं मेडिकल आहे, त्यामुळे ती मला जास्त लागते.

अंगभर बारीक काटे म्हणून हा बोनफिश. शास्त्रीय नाव अल्बुला व्हल्पेस. लॅटिनमध्ये व्हल्पेस म्हणजे कोल्हा, आणि स्वभावही तसाच सावध. नुसती माणसाची सावली पाण्यावर पडली तरी पसार. उथळ पाण्यात शार्क मागावर असताना हा भित्रेपणाच त्याला जगवतो. फ्लोरिडा इंटरनॅशनल युनिव्हर्सिटीच्या संशोधकांनी तिथल्या किनाऱ्यावरचे 93 बोनफिश तपासले आणि 2022 मध्ये निष्कर्ष जाहीर केले. त्यांच्या अंगात 58 प्रकारची औषधं सापडली. एकेका माशात सरासरी सात, एकात तर 17! रक्तदाबाची, नैराश्याची, अँटिबायोटिक्स. म्हणजे माझ्या काउंटरमागच्या फळीवर रोज असतात तीच. हा मासा वाळूतले खेकडे, कोळंबी खातो. त्या भक्ष्यातही औषधं निघाली.

औषध माशाचं काय बिघडवतं? स्वीडनच्या उमेओ विद्यापीठाने 2013 मध्ये पर्च जातीच्या माशांना ऑक्साझेपाम, म्हणजे चिंतेवर देतात ते औषध, पाण्यातून दिलं. मासे धीट झाले, कळप सोडून एकटे फिरू लागले. भीतीवर जगणाऱ्या माशाची भीतीच गेली तर त्याचं काय होणार, हे सांगायला शास्त्रज्ञ लागत नाही.

फ्लोरिडात बोनफिश कुणी खात नाही, पकडला की सोडून द्यावा लागतो. आपल्याकडे तापी, गिरणा, पांझरेचा मासा थेट कालवणात जातो.

औषधं पाण्यात जातात कशी? मुख्यतः आपल्याच शरीरातून. गोळीचा बराच भाग लघवीवाटे जसाच्या तसा बाहेर पडतो, आणि सांडपाणी प्रक्रिया केंद्रं मुळात औषधं गाळायला बांधलेलीच नसतात. जिथे गटाराचं पाणी प्रक्रियेशिवायच नदीला मिळतं, तिथे तर सगळंच थेट नदीत. दुसरी वाट घराची मोरी. घरातलं म्हातारं माणूस गेलं की दोन-चार दिवसांनी कुणीतरी पिशवी घेऊन येतं, "भाऊ, ह्या गोया वापस लई ल्या." अर्धवट कापलेली पाकिटं, पुसट तारखा, चिकट झालेली सिरपची बाटली. ती परत घेऊन पुढे पाठवायची सोय आम्हा दुकानदारांकडे नाही. मग पाकिटं घंटागाडीत जातात आणि सिरप मोरीत ओतून बाटली भंगारात.

केरळने यावर 2025 मध्ये कोझिकोडपासून सुरुवात केली. घरात उरलेली औषधं गोळा करून शास्त्रीय पद्धतीने नष्ट केली जातात. त्याच वर्षी केंद्रीय औषध नियंत्रण संस्थेने 17 औषधं शौचालयात टाकून द्यावीत असं सांगितलं. ती फेंटानिल, ट्रॅमाडॉलसारखी, चुकीच्या हाती पडली तर जीव घेणारी आहेत. बाकीची औषधं ओतायला ही परवानगी नव्हे, पण बातमी अर्धीच वाचून "सरकारच सांगतं फ्लश करा" म्हणणारे भेटतात. आपल्या वृत्तपत्राने हा फरक ठळकपणे छापावा.

औषधाने काय होतं ते गिधाडांनी आपल्याला दाखवलं आहे. जनावरांना टोचलेल्या डायक्लोफेनॅक या वेदनाशामकाने, ती मेलेली जनावरं खाऊन गिधाडं मेली. 2006 मध्ये जनावरांसाठी त्यावर बंदी आली, तोवर आभाळ रिकामं झालं होतं.

म्हणून दोन मागण्या. धुळे, जळगाव, नंदुरबारच्या पालिकांनी प्रत्येक प्रभागात निदान एका मेडिकलवर उरलेल्या औषधांची बंद पेटी ठेवावी आणि ती जैववैद्यकीय कचऱ्यासोबत उचलावी. पेटीला जागा आणि रोजची देखरेख मी माझ्या दुकानात द्यायला तयार आहे. आणि कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाने तापीवरच्या हतनूर, सुलवाडे, प्रकाशा इथल्या माशांचं रक्त या औषधांसाठी तपासून अहवाल लोकांपुढे ठेवावा. भोई बांधवांना त्यात बरोबर घ्यावं. कुठल्या नाल्याच्या तोंडाशी मासा बदलला हे त्यांना आधी कळतं.

आपला,
एक औषधविक्रेता, धुळे