झेरॉक्सच्या दुकानातल्या ताईंना

ताई, सप्रेम नमस्कार.

सावद्याकडच्या केळीच्या पॅकहाऊसमधला पोरगा म्हटलं की लक्षात येईल. जळगावला एमआयडीसीत क्वालिटी विभागात लागलो. तोंडावर आभार मानले असते तर तुम्ही "बरं बरं" म्हणत पुढच्या गिऱ्हाइकाचं आधार कार्ड मशीनवर ठेवलं असतं. म्हणून लिहितोय, आणि चार जणांनी वाचावं म्हणून उघड लिहितोय.

रेझ्युमे टाइप करायला आणला तेव्हा त्यावर 'पॅकिंगची जबाबदारी, मजुरांवर देखरेख, मालाची तपासणी' एवढंच होतं. बहुतेकांचं तसंच असतं. तुम्ही मधेच थांबून म्हणालात, "हे तर तुझ्या जागी कोणीही लिहील. तू आल्यावर तिथं बदललं काय, ते सांग ना भो."

मला काही सुचेना. मग घड उतरल्यापासून सगळं सांगायला लावलंत: फण्या कापायच्या, चीक निघावा म्हणून तुरटीच्या पाण्यात सोडायच्या, मग ग्रेडिंग, वजन, 13 किलोची पेटी. बोलता बोलता निघालं, की हौदाचं पाणी आधी संध्याकाळीच बदलायचे आणि दुपारनंतरच्या फण्यांवर डाग राहायचे. मी दुपारीही बदलायला लावलं होतं. त्यात सांगण्यासारखं काही आहे असं मला वाटलंच नव्हतं.

"डागी माल किती कमी झाला?"

"असेल निम्मा."

"असेल नको. वही असेल ना?"

रिजेक्ट मालाची वही होती. तिच्यातली वजनं मांडली तर निम्मा नव्हताच. शेवटी ओळ अशी झाली: 'फण्या धुण्याच्या हौदाचं पाणी दिवसातून दोनदा बदलण्याची पद्धत टोळीच्या मदतीने बसवली, डागांमुळे बाजूला पडणारा माल एका हंगामात 6 टक्क्यांवरून 3.5 टक्क्यांवर आला.' 'टोळीच्या मदतीने' हे तुम्हीच घालायला लावलंत. पाणी काय मी एकट्यानं उपसत होतो?

जिथं आकडा नव्हता तिथं तुम्ही तो ओढूनताणून आणला नाही. नव्या बायांना फणी कापायला शिकवलं होतं. त्यापुढे फक्त 'आज ग्रेडिंगचं टेबल त्याच सांभाळतात' एवढं जोडलंत. मला ती ओळ टक्क्यांपेक्षा जास्त आवडते. 'मेहनती, प्रामाणिक' मात्र सरळ खोडलंत. जळगावच्या केळीला 2016 मध्ये जीआय मानांकन मिळालं, तेही मी घुसवायला निघालो होतो. "ते केळीचं कर्तृत्व, तुझं नाही," म्हणालात. माल घेणाऱ्या व्यापाऱ्यांची नावंही काढायला लावलीत, कारण ती पॅकहाऊसची गोष्ट, माझी नाही. आणि फोटोवाला रंगीत नमुना मी हट्टानं मागत होतो, तर तुम्ही साध्या काळ्या अक्षरांत एका पानात बसवलंत.

मुलाखतीत साहेबांनी बोट ठेवलं ते हौदाच्याच ओळीवर. "हा आकडा आला कुठून?" वहीचं सांगितलं. मग चीक, तुरटी आणि पाणी यांवरच बोलणं चाललं. माझ्या पदवीच्या मार्कांचा विषयही निघाला नाही.

तुम्ही पैसे घेतले ते फक्त टायपिंगचे आणि प्रिंटचे. बाकीच्याचे देऊ केले तर रागावलात, म्हणून तो विषय काढत नाही.

एक विनंती आहे. मामाचा मुलगा डाळ मिलमध्ये आहे, रविवारी तुमच्याकडे येईल. 'मशीन ऑपरेट करणे' एवढंच लिहून आणेल. त्याला वही घेऊनच यायला सांगितलंय.

तुमचा,
केळीवाला